नाडी सावरल्यानंतर
महाराष्ट्रातील शेतीप्रधान जिल्ह्यांच्या सरकारी रुग्णालयांत आत्महत्येचा प्रयत्न केलेला रुग्ण पुष्कळदा कीटकनाशकाच्या विषबाधेचा रुग्ण म्हणून अपघात विभागात दाखल होतो आणि त्याच्या केसपेपरवर एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवणे बंधनकारक असलेले प्रकरण, अशी नोंद होते. ऑर्गॅनोफॉस्फरस वर्गातील कीटकनाशकाने छातीत स्राव साचून श्वास कोंडत असल्याने, तो स्राव आटेपर्यंत अ‍ॅट्रोपिन हे औषध वाढत्या मात्रेत दिले जाते. मात्रा अधिक झाली की रुग्ण बरळतो, हवेतले काहीतरी चिमटीने वेचू लागतो, सलाईनची नळी उपसू पाहतो, आणि नातेवाईक डोक्यावर परिणाम झाला असे समजून हवालदिल होतात. हा भ्रम औषधाचा असून तो ओसरेल, हे त्यांना समजावणे आणि रुग्णाला त्याचे नाव, गाव, वार हळू आवाजात पुन्हा पुन्हा सांगत राहणे, हे काम बहुधा परिचारिकेकडे येते. त्यासाठी केसपेपरवर रकाना नाही, तरी हात खाटेला बांधण्याआधी करून पाहण्याजोगा उपाय तोच आहे.

शुद्ध परतल्यावरचा प्रसंग याहून नाजूक असतो. पोलीस जबाबाच्या धास्तीने घरची माणसे 'चुकून प्यायला' असे सांगतात आणि तेवढ्यावर विसंबले, तर मानसोपचारतज्ज्ञाला बोलावणेच राहून जाते. वास्तविक 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम 115 असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरते आणि तिच्या उपचाराची व पुनर्वसनाची जबाबदारी शासनावर टाकते. ही गोष्ट खाटेपाशी, साध्या शब्दांत सांगितली गेली पाहिजे. त्यानंतर नातेवाइकांना बाहेर थांबवून 'काका, अजूनही मरावंसं वाटतं का?' असे सरळ विचारावे लागते. अशा विचारण्याने तो विचार मनात रुजतो ही भीती निराधार आहे, पण तिच्यापायी तरुण डॉक्टरही अडखळतात.

या विषबाधेत 1 ते 4 दिवसांच्या दरम्यान श्वासाचे स्नायू अचानक दुबळे पडू शकतात, म्हणून बरा दिसणारा रुग्णही ठेवून घेतला जातो आणि बोलण्यासाठी तेवढा अवधी मिळतो. घरी पाठवताना चिठ्ठीवर मानसोपचार विभागाची तारीख आणि टेली-मानस या शासकीय सेवेचा 14416 हा क्रमांक लिहावा. त्याहीआधी सोबतच्या माणसाला विचारावे, की उरलेली फवारणीची औषधे कुठे आहेत आणि त्या कपाटाची किल्ली आता कोणाकडे राहील.