एक शब्द, दोन क्रिया

आमचा नातू रसायनशास्त्राचा अभ्यास करितो. गेल्या सुटींत पंक्तीला बसला असतां त्यानें विचारिलें, “आजोबा, ‘स्पार्जिंग’ म्हणजे नेमकें काय? प्रयोगशाळेंत द्रवांतून वायु सोडतात त्यास हा शब्द, आणि बियर करण्याच्या प्रकरणांतही हाच!” मद्याचें नांव निघतांच आम्हीं त्यास डोळ्यांनींच गप्प केलें. रात्रीं मात्र झोंप येईना. सारा जन्म परक्या मुलांना ‘विचारा’ म्हणून सांगणाऱ्या मास्तरानें घरच्या मुलाचा प्रश्न दडपावा, हें कांहीं बरें झालें नाहीं. म्हणून हा खुलासा.

मूळ शब्द लॅटिन, ‘स्पार्गेरे’. त्याचा अर्थ शिंपडणें. आपण ज्यास प्रोक्षण म्हणतों तेंच.

बियर करणारे जवांस मोड आणून ते वाळवितात व भरडतात. ही भरड सुमारें ६५ अंश सेंटिग्रेड उष्ण पाण्यांत तासभर ठेविली कीं पिष्टाची साखर होते. गोड रस खालून काढून घेतला तरी चोथ्यांत बरीच साखर उरते. पूर्वीं इंग्लंडांत तोच चोथा पुन्हां पुन्हां पाण्यांत भिजवीत. पहिल्या रसाची बियर कडक, शेवटल्याची सौम्य. कोंकणांत नारळाचें पहिलें दूध दाट व दुसरें पातळ निघतें, तसाच हा प्रकार. स्कॉटलंडांत मात्र चोथ्यावर ऊन पाणी हळूहळू शिंपडीत. एकोणिसाव्या शतकांत ही रीति इंग्लंडांतही पसरली. वरून येणारें पाणी साखर घेऊन खालीं उतरतें आणि त्याची जागा नवें पाणी घेतें. परंतु हांव नडते. पाणी ७७ अंशांच्या फार वर गेलें, अथवा शेवटच्या थेंबापर्यंत चोथा धूत राहिलें, तर टरफलांतील तुरटपणा रसांत उतरतो.

रसायनशाळेंत हें शिंपडणें उलटें, म्हणजे खालून होतें. हवेशीं संबंध असलेल्या २५ अंशांच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ८ मिलिग्रॅम प्राणवायु विरघळलेला असतो. तो घालविण्यासाठीं तळाशीं नत्रवायूचे बारीक बुडबुडे सोडतात. द्रवावर वायूचा दाब जितका, तितक्या प्रमाणांत तो विरघळतो, हा नियम विल्यम हेन्री यानें १८०३ सालीं मांडला. बुडबुड्यांत प्राणवायूचा दाब नसतो. म्हणून पाण्यांतील प्राणवायु त्यांत शिरतो व त्यांच्याबरोबर निघून जातो. बुडबुडे जितके लहान, तितका स्पर्श अधिक.

दोन्हीं क्रियांचें मर्म एकच: थोडें थोडें, पण सतत नवें. भेद इतकाच कीं, एकींत वाहून येतें तें हवें असतें, तर दुसरींत मागें राहतें तें.

सकाळीं नातवास जवळ बसवून आम्हीं हें सारें सांगितलें. तो हंसून म्हणाला, “मग काल पंक्तींतच कां नाहीं सांगितलेंत?”

याचें उत्तर आम्हांपाशीं नव्हतें.