गिअर ऑइल बदलताना पंखाही काढा

गोंदिया जिल्हा तलावांचा. नवेगावबांध, इटियाडोहसारख्या जलाशयांत मासेमारी चालते, तिथे तुटका नायलॉन दोरा मोटारबोटीच्या पंख्यामागे दांड्याला गुंडाळला, की ऑइल सील कापतो आणि गिअरपेटीत पाणी शिरते. काढलेले तेल दुधाळ दिसले, तर पाणी शिरलेच समजा. म्हणूनच पंखा न काढता नुसते तेल बदलणे अपुरे आहे. ‘बोट हंगामापुरती चालते, दरवर्षी खर्च कशाला?’ हा आक्षेप टिकत नाही. आत साचलेल्या पाण्याने उभ्या बोटीचेही बेअरिंग गंजते. नवे तेल खालच्या छिद्रातून, वरच्यातून बाहेर येईपर्यंत भरा. दोन्ही छिद्रांच्या स्क्रूंचे वॉशर नवे घ्या. दांड्याच्या खाचांना ग्रीस लावूनच पंखा बसवा आणि जुनी कॉटर पिन पुन्हा वापरू नका.