ब्लेझर आणि सेफ्टी शूज

पिंपरी-चिंचवडमधील व्यवस्थापन महाविद्यालयांच्या पोशाखविषयक नियमांचा विचार तेथील कारखान्यांना वगळून करता येत नाही. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या एमआयडीसीची, स्थापना झाली आणि पुढे भोसरी-आकुर्डीपासून चाकणपर्यंत यंत्रांचा हा पट्टा पसरत गेला. निगडी, आकुर्डी, ताथवडे येथे एमबीए करणाऱ्या पुष्कळ विद्यार्थ्यांची इंटर्नशिप, म्हणजे अभ्यासक्रमाचाच भाग असलेले काही आठवड्यांचे कंपनीतील काम, याच पट्ट्यात होते.

वर्गातील शिकवण ब्लेझरपासून सुरू होते. प्रवेशानंतर मापे घेतली जातात आणि बहुधा टेरी-व्हिस्कोस या मिश्र धाग्याच्या कापडाचा गडद निळा किंवा काळा ब्लेझर शिवून येतो. टायचे टोक पट्ट्याच्या बकलापर्यंत यावे, पट्टा व बूट एकाच रंगाचे असावेत, बसताना ब्लेझरची गुंडी सोडावी, असे बारकावे ग्रूमिंगच्या तासाला, म्हणजे राहणी व वागणूक यांच्या प्रशिक्षणात, सांगितले जातात. ज्या घरात आजवर कोणी टाय बांधलेला नाही, अशा घरातून आलेल्या मुलामुलींना हे ज्ञान मुलाखतीच्या खोलीत मोठा आधार देते आणि सर्वांच्या अंगावर एकच ब्लेझर असल्याने घरच्या परिस्थितीतील अंतर काही काळ तरी झाकले जाते. या शिक्षणाला दिखाऊ म्हणणे म्हणूनच अन्यायाचे ठरेल. एप्रिलच्या उन्हातही ब्लेझरची सक्ती करणे मात्र अविचाराचे आहे.

कारखान्याच्या फाटकावर या पोशाखाची पुन्हा तपासणी होते आणि तेथील प्रत्येक नियमामागे एखादा अपघात किंवा एखादा बिघाड उभा असतो. फिरत्या शाफ्टमध्ये किंवा पट्ट्यात लोंबते कापड सापडले, तर ते माणसालाच आत ओढते. त्यामुळेच 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या 22 व्या कलमात चालू यंत्राची तपासणी करणाऱ्या किंवा त्याला वंगण घालणाऱ्या प्रशिक्षित कामगाराने अंगाला घट्ट बसणारे कपडे घालावेत आणि ते कारखानदाराने पुरवावेत, अशी तरतूद करण्यात आली. त्याच कारणाने शॉप फ्लोअरवर, म्हणजे प्रत्यक्ष उत्पादन चालते त्या जागेवर, टाय उतरवावा लागतो, ओढणी बाजूला ठेवावी लागते, केस टोपीखाली बांधावे लागतात आणि चकचकीत काळ्या बुटांच्या जागी बोटांवर पोलादी टोपी बसवलेले सेफ्टी शूज येतात. मोटारींच्या जुळणी विभागात तर काळजीची दिशाच उलटते, कारण तेथे शरीरापासून गाडीला जपायचे असते: अंगठी, धातूचे घड्याळ आणि पट्ट्याचे उघडे बकल यांचा ओरखडा नव्या रंगावर उमटू शकतो, म्हणून ते काढून किंवा झाकून ठेवावे लागतात. रंगकाम विभागातील नियम त्याहून कडक असतात, कारण कपड्यातून सुटलेला एखादा तंतू ओल्या रंगात कायमचा अडकतो आणि केसांच्या किंवा अंगाच्या प्रसाधनातील सिलिकॉनचा अंश पत्र्यावर पडला, तर रंग तेथून मागे सरून बारीक खळगा राहतो. या खळग्याला कामगार ‘फिश आय’ म्हणतात. ग्रूमिंगच्या तासाला सुचवलेला सुगंधी फवारा येथे दोषाचे कारण ठरू शकतो.

विद्यार्थिनींची अडचण अधिक असते. सादरीकरणासाठी शोभून दिसणारी साडी किंवा ओढणीचा कुर्ता यंत्रांजवळ चालत नाही, आणि पाहुण्यांसाठी ठेवलेल्या सेफ्टी शूजमध्ये लहान मापाचा जोड दरवेळी मिळेलच असे नाही. सैल बूट घालून कारखाना फिरणे ही साधी गैरसोय नसून तो धोका आहे. कोणत्या विभागात जायचे आहे हे आधी विचारून स्वतःच्या मापाचे बूट सोबत नेणे, ही गोष्ट टायच्या गाठीइतक्याच आस्थेने वर्गात शिकवली गेली पाहिजे.

पोशाखातून पद दाखवण्याची रीतही कारखान्यांत वेगळी आहे. 1983 मध्ये गुडगाव येथे मोटारींचे उत्पादन सुरू करणाऱ्या मारुती उद्योगाने सुझुकीच्या जपानी पद्धतीनुसार कामगारापासून व्यवस्थापकीय संचालकापर्यंत सर्वांना एकच गणवेश दिला, आणि तशी पद्धत देशातील अनेक वाहन कारखान्यांत दिसते. अशा कारखान्यात इंटर्नशिपच्या शेवटी अहवाल सादर करताना विद्यार्थी ब्लेझर व टाय घालून उभा असतो, तर टेबलापलीकडे निकाल देणारा कारखाना-प्रमुख लाइनवरच्या कामगारासारखाच कंपनीचा शर्ट आणि सेफ्टी शूज घालून बसलेला असतो.