तिकिटाच्या खिडकीतून विमानाकडे

गणपतीपुळे, मालगुंड, जयगड या पट्ट्यातून कितीतरी माणसं रोजीसाठी आखातात गेली. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, सगळं मुंबईच्या ट्रॅव्हल एजंटामार्फत. याच धंद्यातून मरहूम तकियुद्दीन वाहिद पुढे आले. मूळचे केरळातल्या वर्कल्याजवळचे. मुंबईत भावांसोबत ट्रॅव्हल एजन्सी काढली, ती वाढवली आणि मग थेट विमान कंपनीच उभी केली.

तेव्हा 1953 च्या कायद्यानं देशातली नियमित विमानसेवा फक्त सरकारी कंपन्यांकडे होती. खासगी विमानांना परवानगी मिळाली ती 'एअर टॅक्सी' म्हणून. म्हणजे प्रवासी न्या, पण वेळापत्रक छापू नका! अशा अटीत 1992 मध्ये त्यांची ईस्ट-वेस्ट एअरलाइन्स भाड्याच्या बोइंग 737 वर सुरू झाली. अट उठली 1994 मध्ये. माझ्या मते त्यांचं खरं भांडवल विमान नव्हतंच. प्रवासी कुठून येतो, कुठे अडतो, हे त्यांना खिडकीत बसून कळलं होतं.

13 नोव्हेंबर 1995 ला मुंबईत गोळ्या झाडून त्यांची हत्या झाली. पुढच्या वर्षी कंपनीही थांबली. भाड्याचं विमान उडो न उडो, भाडं द्यावंच लागतं. त्या काळातल्या दमानिया आणि मोदीलुफ्त या कंपन्याही टिकल्या नाहीत. दुसऱ्या एका ट्रॅव्हल एजंटाची, नरेश गोयल यांची जेट मात्र 2019 पर्यंत उडत राहिली.