तंजावरची छत्रे आणि शिष्यवृत्तीचा अर्ज

१८०१ सालच्या जानेवारीत तंजावरचे दुसरे सरफोजी महाराज यांनी कंपनी सरकारचा रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यास एक प्रदीर्घ पत्र धाडले. अवघ्या सव्वा वर्षापूर्वी, २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहान्वये, राज्याचा कारभार कंपनीच्या स्वाधीन झाला होता आणि महाराजांच्या पदरी तंजावरचा किल्ला, सालिना एक लाख होन व निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले होते. अशा प्रसंगी त्यांनी ज्या गोष्टीसाठी रदबदली केली ती स्वतःच्या तैनातीची वाढ नव्हती. रामेश्वराच्या वाटेवर पूर्वजांनी बांधलेली छत्रे, म्हणजे यात्रेकरूंसाठीच्या धर्मशाळा, आणि त्यांस लावून दिलेली उत्पन्ने कंपनीने हिरावून घेऊ नयेत, एवढीच त्यांची विनंती होती.

त्या पत्रात छत्राच्या व्यवस्थेचे जे वर्णन आले आहे, ते शिक्षणविषयक आस्था असलेल्या प्रत्येकाने सावकाश वाचण्यासारखे आहे. आल्यागेल्या यात्रेकरूला जातपात न पाहता अन्न मिळे हे तर झालेच. परंतु छत्रात चार वेदांचे चार अध्यापक, एक पंतोजी आणि व्याधी, सूज व सर्पविष यांवर उपचार जाणणारा वैद्यही नेमलेला असे. परमुलखातून आलेल्या वाटसरूंची पोरकी मुले पंतोजीच्या हवाली केली जात. त्यांना दिवसातून तीन वेळा जेवण, दर चार दिवसांनी अंगास तेल, लागेल तेव्हा औषध व वस्त्र मिळे. ज्या विद्येकडे मुलाचा ओढा दिसे तीच विद्या त्यास शिकवीत, आणि तीत तो प्रवीण झाला म्हणजे त्याच्या लग्नाचा खर्चही छत्रच सोशी. या साऱ्या वर्णनात मुलाने काही सिद्ध करून दाखवावे, कोणता दाखला रुजू करावा, असा शब्द कोठेही नाही.

महाराजांना ही कळकळ कोठून आली असावी, याचा उलगडा त्यांच्या बालपणात होतो असे मला वाटते. १७८७ मध्ये तुळजाराजांनी त्यांना दत्तक घेतले आणि त्याच वर्षी तुळजाराजे वारले. गादीवर बसलेल्या अमरसिंहाने या मुलाला कोंडून ठेवले, त्याच्या शिक्षणाची आबाळ केली. मिशनरी श्वार्ट्झ यांनी कंपनीकडे सतत दाद मागितली, तेव्हा १७९३ मध्ये सरफोजींना मद्रासेस हलविण्यात आले आणि तेथे त्यांचा अभ्यास मार्गी लागला. ज्याचे शिक्षण दुसऱ्या कोणी तरी धावून आल्यामुळेच होऊ शकले, त्याने गादीवर आल्यावर ओरत्तनाडु येथे आपली प्रियतमा मुक्तांबाळ हिच्या नावाने भव्य छत्र उभारावे, तेथे पाठशाळा चालवावी, आणि तंजावरास देवनागरी छापखाना घालून १८०६ मध्ये इसापच्या गोष्टींचे ‘बालबोध मुक्तावली’ हे मराठी पुस्तक छापून घ्यावे, यात मला एकच सूत्र दिसते.

तथापि या व्यवस्थेचे केवळ गुणगान करणे न्यायाचे होणार नाही. अन्न सर्वांस मिळत असले, तरी वेदाध्ययनाचा लाभ एका वर्णापुरता होता. १८५५ मध्ये संस्थान खालसा झाल्यावर छत्रांची उत्पन्ने कालांतराने जिल्हा बोर्डाकडे आली. त्यांतून तिरुवय्यार येथे १८८१ पासून चाललेल्या महाविद्यालयात केवळ संस्कृतच शिकवीत. १९२० नंतरच्या दशकात जिल्हा बोर्डाचे अध्यक्ष ए. टी. पन्नीरसेल्वम् यांनी तेथे तमिळ विद्वान वर्ग सुरू करविला आणि छत्रांच्या पैशांवरील वसतिगृहे ब्राह्मणेतर विद्यार्थ्यांस खुली केली. दानाचा पैसा तोच राहिला, मात्र त्यावर कोणाचा हक्क आहे हे प्रथमच मोकळेपणाने ठरले. या गोष्टीचे महत्त्व मला मूळ दानाइतकेच वाटते.

शिष्यवृत्ती मिळणे आणि ती टिकणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हेही याच जिल्ह्याने पाहिले. १९०४ मध्ये कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयात गणिती रामानुजन शिष्यवृत्तीवर दाखल झाले. गणितावाचून इतर विषयांकडे लक्ष न दिल्याने ती बंद झाली आणि पुढच्याच वर्षी त्यांनी घर सोडले. मद्रास विद्यापीठाने त्यांना दरमहा ७५ रुपयांची संशोधनवृत्ती दिली ती १९१३ मध्ये.

आजच्या तंजावरात साहाय्य तुटपुंजे आहे असे म्हणवत नाही. सरकारी शाळेत सहावी ते बारावी शिकलेल्या मुलींना ‘पुदुमै पेण’ योजनेतून २०२२ पासून, तशाच मुलांना ‘तमिळ पुदल्वन’मधून २०२४ पासून उच्च शिक्षणासाठी दरमहा १००० रुपये मिळतात, घरात पूर्वी कोणीही पदवीधर नसेल, तर व्यावसायिक शिक्षणाच्या शुल्कात सवलत आहे, मागासवर्गीय व अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्त्या निराळ्याच. तमिळनाडूच्या मागासवर्गांच्या यादीत ब्राह्मणेतर मराठ्यांचा, नामदेव मराठ्यांसह, समावेश आहे, ही गोष्ट तेथील मराठी घरांत सर्वांस ठाऊक असावयास हवी.

अडचण येते ती कागदांची. तहसील कचेरीचा जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आधारशी जोडलेले बँकेचे खाते, आणि या सर्वांवर नाव अक्षरशः एकच. तमिळ रिवाजाप्रमाणे शाळेत वडिलांच्या नावाचे केवळ आद्याक्षर लागते, घरात मात्र भोसले वा घाटगे हे आडनाव चालत आलेले, आणि आधारपत्रावर शेवटी ‘राव’. तीन कागदांवर तीन नावे असलेला विद्यार्थी अर्ज अडकला की मगच ई-सेवा केंद्राच्या रांगेत उभा राहतो. तोवर मुदत संपत आलेली असते. ज्यांच्यासाठी पाँडिचेरीस १९९५ मध्ये व मद्रासेस त्याच्या पुढच्या वर्षी सामुदायिक महाविद्यालये निघाली, त्या शाळा सुटलेल्या, मजुरी करीत शिकणाऱ्या मुलांना तर हा फेरा अधिकच जड जातो, कारण खाडा केला की त्या दिवसाची मजुरी बुडते.

‘पुदुमै पेण’ योजनेत अर्ज महाविद्यालयातूनच भरून घेतले जातात. माझ्या मते या योजनेचे खरे मोल रकमेपेक्षा या रीतीत आहे. छत्रातील पंतोजीप्रमाणे येथे निदान एक जबाबदार माणूस मुलीच्या बाजूने बसलेला असतो. हीच रीत प्रत्येक शिष्यवृत्तीस लागू व्हावी. प्रवेशाच्या दिवशीच महाविद्यालयाच्या कारकुनाने मुलाचे कागद एकमेकांशी ताडून पाहावेत, नावातील तफावत त्याच आठवड्यात दुरुस्त करवून घ्यावी, आपला अभ्यासक्रम कोणत्या योजनेस मान्य आहे हे शुल्क घेण्यापूर्वी सांगावे, आणि दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज वेगळा करावा लागतो हे मुलाला त्याच्या मातृभाषेत समजावून द्यावे.