रापण्याचे यंत्र : टॅनिंग बेड

उन्हात राबणाऱ्या माणसाचा चेहरा 'रापला' असे आपण म्हणतो. युरोप-अमेरिकेत हे रापणे सौंदर्याचे लक्षण मानले गेले आणि त्यासाठी 'टॅनिंग बेड' हे यंत्र आले.

त्यातील दिवे आपल्या परिचयाच्या ट्यूबलाइटच्या तत्त्वावरच चालतात. नळीतील पाऱ्याच्या वाफेतून वीज वाहिली की मुख्यतः २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण निर्माण होतात. ट्यूबलाइटचा आतील लेप त्यांचे दृश्य प्रकाशात रूपांतर करतो. टॅनिंग बेडमधील लेप मात्र त्यांच्यापासून ३१५ ते ४०० नॅनोमीटरचे 'अतिनील-अ' आणि थोडे 'अतिनील-ब' किरण निर्माण करतो. मुख्य फरक आहे तो लेपाचा.

हे किरण त्वचेच्या पेशींतील डीएनएला इजा पोहोचवतात. तिच्यापासून बचाव म्हणून मेलॅनिन हे रंगद्रव्य वाढते आणि त्वचा सावळी होते. म्हणजेच रापणे ही आरोग्याची नव्हे, तर इजेची खूण होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ मध्ये ही उपकरणे कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात समाविष्ट केली.

'अतिनील' या शब्दातच 'निळ्यापलीकडचे' हा अर्थ आहे. जे डोळ्यांना दिसत नाही ते निरुपद्रवी असतेच असे नाही, हे आपण ध्यानात ठेवावे.