आधुनिक माध्यमे आणि गोंडी भाषेतील मौखिक परंपरेचे जतन

प्रस्तावना :

२०११ च्या जनगणनेनुसार गोंड या अनुसूचित जमातीची लोकसंख्या एक कोटीहून अधिक आहे. त्याच जनगणनेत गोंडी ही मातृभाषा म्हणून नोंदविणाऱ्यांची संख्या २९,८४,४५३ इतकी आहे. या दोन आकड्यांमधील अंतर हा प्रस्तुत लेखाच्या चिंतनाचा विषय होय. गोंडी ही द्राविडी कुळातील भाषा असून ती मध्य प्रदेश, छत्तीसगड, महाराष्ट्र, तेलंगणा, आंध्र प्रदेश व ओडिशा या राज्यांत विखुरलेली आहे. कोणत्याही एका राज्याची ती राजभाषा नाही, तसेच संविधानाच्या आठव्या अनुसूचीतही तिचा समावेश नाही. २००३ च्या ९२ व्या घटनादुरुस्तीने बोडो व संथाली या भाषांना त्या अनुसूचीत स्थान मिळाले. गोंडीची मागणी मात्र अद्याप प्रलंबित आहे.

अशा भाषेतील पुराकथा आधुनिक माध्यमांच्या साहाय्याने जतन कराव्यात, असे सर्वत्र म्हटले जाते. परंतु 'जतन' या शब्दात दोन भिन्न क्रिया सामावलेल्या आहेत. कथेची नोंद करणे ही एक, आणि ती कथा सांगणारा व ऐकणारा समाज टिकविणे ही दुसरी. पहिली क्रिया साध्य झाली म्हणजे दुसरी आपोआप साधते, असा समज रूढ आहे. गोंडीचा गेल्या दीडशे वर्षांचा अनुभव या समजाची तपासणी करण्यास उपयुक्त ठरतो.

मौखिक परंपरेचे स्वरूप :

गोंड समाजाच्या आदिकथेच्या केंद्रस्थानी पहांदी पारी कुपार लिंगो आहे. गुहेत कोंडल्या गेलेल्या गोंडांची लिंगोने सुटका केली आणि त्यांना सगा या कुलसमूहांमध्ये विभागले, असे या कथेचे मुख्य सूत्र आहे. चार, पाच, सहा व सात देवांचे सगा, त्यांच्यातील विवाहाचे नियम आणि पेरसा पेन या देवाची उपासना यांचा आधार या कथेतच आहे. गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातील कचारगड ही तीच गुहा होय, अशी श्रद्धा असून माघ पौर्णिमेला तेथे यात्रा भरते. सारांश, अभ्यासक ज्याला मिथक म्हणतो ते या समाजासाठी धर्म आणि नातेव्यवस्था यांचे विधान आहे.

ही कथा गाण्याचा अधिकार परंपरेने परधान या गायक समाजाकडे असे. विशिष्ट गोंड घराण्यांशी विशिष्ट परधान घराणी वंशपरंपरेने जोडलेली असत. परधानाने किंगरी वाजवून त्या घराण्याच्या सगाची कथा गावी व यजमानाने दान द्यावे, अशी ही रीत होती. आदिलाबाद भागातील परधानांची घरची भाषा मराठी होती, तरीही देवकार्यातील गायन ते गोंडीतून करीत, ही नोंद क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ यांच्या अभ्यासात आढळते. मराठी वाचकाने ती विशेष लक्षात घ्यावी. भाषेला मागणी करणारा श्रोता असेल, तर ती गायकाच्या घरची नसतानाही टिकते, असा तिचा अर्थ होतो.

मुद्रण : कथा ग्रंथात, गायक बाहेर :

लिंगोची कथा मुद्रणाच्या माध्यमात प्रथम आली ती नागपूर येथे कार्य करणारे पाद्री स्टीफन हिस्लॉप यांच्या प्रयत्नांमुळे. त्यांनी परधानाकडून ती कथा लिहून घेतली होती. १८६३ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी संपादित करून १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. त्या ग्रंथात रोमन लिपीतील गोंडी संहिता व तिचे इंग्रजी भाषांतर आहे. अभ्यासकांच्या दृष्टीने हा अमोल ठेवा होय. तथापि त्या काळी गोंडी बोलणाऱ्याला रोमन लिपी अपरिचित होती आणि इंग्रजी वाचकाला गोंडी अवगत नव्हती. कथा सुरक्षित झाली; मात्र ती ज्या संबंधातून जन्मली, त्या संबंधाला या ग्रंथाचा काहीच उपयोग झाला नाही.

१९४० च्या दशकात हैदराबाद संस्थानात हाइमेनडॉर्फ यांनी यापुढचे पाऊल टाकले. राजगोंडांच्या मिथकांवर व विधींवर त्यांचा ग्रंथ १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. परंतु त्याआधीच मार्लवाई येथे गोंड शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे केंद्र सुरू झाले होते आणि देवनागरी लिपीत गोंडी वाचनपुस्तके तयार झाली होती. मुद्रण तेच होते. येथे मात्र वाचक बदलला. ज्याची भाषा आहे त्याच्याच हाती पुस्तक पोहोचले. पुढे नागपूरचे मोतीरावण कंगाली (१९४९-२०१५) यांच्यासारख्या गोंड अभ्यासकांनी लिंगोच्या परंपरेवर व गोंडी भाषेवर स्वतः लेखन केले, तेव्हा या बदलास पूर्णता आली.

चित्रकला : कथा टिकली, भाषा निसटली :

दुसरे उदाहरण पूर्व मध्य प्रदेशातील पाटणगड या गावाचे आहे. तेथील परधान तरुण जनगढ सिंह श्याम यांना १९८० च्या दशकाच्या आरंभी जगदीश स्वामीनाथन यांच्या पुढाकाराने भोपाळच्या भारत भवनाशी जोडले गेले. भिंतीवरील चित्रे कागदावर व कापडावर आली आणि 'जनगढ कलम' या नावाने नवी शैली जगभर पोहोचली. २००१ मध्ये जपान येथे जनगढ यांचे अकाली निधन झाले. परंतु त्यांच्या परिवारातील व गावातील अनेक चित्रकारांनी ही शैली पुढे नेली. भज्जू श्याम यांचे चित्रग्रंथ आणि दुर्गाबाई व सुभाष व्याम यांनी चित्रित केलेले 'भीमायन' (२०११) ही त्याची ठळक उदाहरणे होत.

बाण हे वाद्य वाजवून ज्या देवतांची गाथा गायली जाई, त्या देवता आता चित्रांत अवतरल्या. मात्र या भागातील परधानांची बोली आज प्रामुख्याने हिंदीच्या परिवारातील आहे. मिथकाला नवे माध्यम व उपजीविकेचे साधन मिळाले, भाषेला ते मिळाले नाही. यात कलावंतांचा दोष नाही, कारण चित्र समजण्यासाठी प्रेक्षकाला गोंडी येण्याची गरजच पडत नाही. मिथक व भाषा यांचे भवितव्य एकच असते, हे गृहीतक येथे खोटे ठरते.

दूरध्वनी : उत्तर देता येणारे माध्यम :

या पार्श्वभूमीवर सीजीनेट स्वर हा उपक्रम महत्त्वाचा ठरतो. पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांच्या पुढाकाराने तो २०१० मध्ये छत्तीसगडमध्ये सुरू झाला. त्याची कार्यपद्धती साधी होती. ठरावीक क्रमांकावर दूरध्वनी केला की यंत्रणा उलट दूरध्वनी करी. एक कळ दाबून आपला संदेश ध्वनिमुद्रित करावा, दुसरी दाबून इतरांचे संदेश ऐकावेत. संपादकांनी तपासल्यावर संदेश सर्वांना उपलब्ध होई. त्यासाठी अक्षरओळख, संगणक वा महागडा संच यांची आवश्यकता नव्हती. हातपंप नादुरुस्त आहे, मजुरी मिळाली नाही, अशा तक्रारींबरोबरच गीते व कथाही त्यावर येत. पुढे 'बुल्टू रेडिओ' या नावाने हे कार्यक्रम ब्लूटूथद्वारे एका मोबाईलवरून दुसऱ्या मोबाईलवर देण्याचा प्रयोगही झाला.

आकाशवाणीच्या जगदलपूर केंद्राने गोंडीतून प्रसारण केले आहे व त्याचे मूल्य कमी नाही; परंतु तेथे श्रोता केवळ श्रोता राहतो. दूरध्वनीच्या या रचनेत श्रोत्याला वक्ता होता आले. गावच्या गरजेची गोष्ट आपल्या भाषेत सांगता येते आणि ती कोणीतरी ऐकते, हा अनुभव भाषेच्या वापराला कारण पुरवितो. गायक व यजमान यांच्यातील जुन्या देवाणघेवाणीचे तत्त्व येथे वेगळ्या रूपात आढळते.

लिपी व प्रमाण शब्द :

माध्यम विस्तारले की एक अडचण पुढे येते. सहा राज्यांतील गोंडी एकसारखी नाही. गडचिरोलीतील माडिया आणि आदिलाबादची गोंडी यांत पुरेसे अंतर आहे. शेजारच्या मराठी, हिंदी, तेलुगू व ओडिया भाषांचे शब्दही त्यांत मिसळले आहेत. म्हणून २०१४ पासून निरनिराळ्या राज्यांतील गोंडी भाषकांच्या कार्यशाळा झाल्या आणि २०१८ मध्ये प्रमाण गोंडी शब्दकोश प्रसिद्ध करण्यात आला.

लिपीचा प्रश्नही असाच आहे. बालाघाटचे मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये रचलेल्या लिपीला २०१७ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले. आदिलाबादच्या गुंजाळा गावातील हस्तलिखितांत आढळलेल्या लिपीचा समावेश २०१८ मध्ये झाला. स्वतंत्र लिपीमुळे अस्मिता दृढ होते. परंतु शाळेत देवनागरी अथवा तेलुगू लिपी शिकलेल्या मुलाला ती नव्याने शिकावी लागते. म्हणून संगणकावर अक्षर उमटणे हा केवळ आरंभ होय.

यंत्रज्ञान व मालकी :

सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाने 'आदि वाणी' हे भाषांतराचे ॲप प्राथमिक स्वरूपात सुरू केले. संथाली, भिली व मुंडारी यांबरोबर गोंडीचाही त्यात समावेश आहे. अशा यंत्रणांना बोललेल्या व लिहिलेल्या भाषेचा मोठा साठा लागतो आणि तो भाषकांकडूनच येतो. साहजिकच त्या साठ्यावर हक्क कोणाचा, हा प्रश्न उद्भवतो.

न्यूझीलंडमधील माओरी समाजाने या प्रश्नाला दिलेले उत्तर उद्बोधक आहे. तेथील ते हिकू मीडिया या माओरी प्रसारणसंस्थेने २०१८ मध्ये स्वयंसेवकांच्या मदतीने अवघ्या दहा दिवसांत ३०० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण गोळा केले व त्यावरून माओरी उच्चार ओळखणारी यंत्रणा उभारली. हा साठा बाहेरच्या कंपन्यांच्या स्वाधीन न करता समाजाच्या विश्वस्तपणाखाली ठेवण्याचे धोरण तिने स्वीकारले. देवकार्यापुरतीच गायली जाणारी गोंडी गाथा ध्वनिमुद्रित करताना हाच विचार व्हावयास हवा. कोणती कथा सर्वांसाठी खुली करावी व कोणती नाही, हे ठरविण्याचा अधिकार गाणाऱ्या समाजाचा आहे.

निष्कर्ष :

ग्रंथ, चित्र, दूरध्वनी व संगणक या चारही माध्यमांनी गोंडी परंपरेची सेवा केली आहे. परंतु त्यांपैकी कोणत्या माध्यमाने नवा गोंडी भाषक घडविला, असा प्रश्न विचारल्यास उत्तरे वेगवेगळी मिळतात. लिंगोची कथा दीडशेहून अधिक वर्षे ग्रंथात सुरक्षित आहे. धोका आहे तो ती गोंडीतून समजणाऱ्या मुलाच्या अस्तित्वाला. गडचिरोली जिल्ह्यातील मोहगाव येथे २०१९ मध्ये ग्रामसभेच्या पुढाकाराने गोंडी माध्यमाची शाळा सुरू झाली. अशा शाळेच्या हाती पडले तरच शब्दकोश, ध्वनिमुद्रण व ॲप यांना उपयोग करणारा मिळतो.

विदर्भातील महाविद्यालयांत गोंडी भाषक विद्यार्थी आजही प्रवेश घेतात. वर्गात ते मराठी बोलतात व आपली भाषा घरी ठेवून येतात. त्यांना संकलनाचे साधन न मानता संकलक म्हणून मान्यता देणे, गावातील वृद्धांकडून कथा नोंदविण्याच्या कामास प्रकल्पाचे गुण देणे, समाजाची संमती घेणे आणि तयार झालेली प्रत प्रथम त्याच गावाला परत करणे, एवढे प्राध्यापकवर्गाच्या आवाक्यात आहे. यासाठी नव्या यंत्रांची फारशी गरज नाही. विद्यार्थ्याच्या खिशातील मोबाईल आणि शिक्षकाने दाखविलेली आस्था यांवर या कार्याचा प्रारंभ होऊ शकतो.